अमेरिकेतल्या ईदला मराठी कोण नेणार?

टेंभुर्णीत मगरिबची अजान होते, खजूर तोंडात जातो, पाण्याचा पहिला घोट घेतला जातो, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये सकाळचे आठ-नऊ वाजलेले असतात. तिथल्या रोजेदाराचा दिवस आता कुठे सुरू झालेला असतो. त्याच्यासमोर कचेरी असते, डबा उघडणारे सहकारी असतात आणि संध्याकाळ अजून फार लांब असते.

पुणे-सोलापूर महामार्गावरच्या या गावाला लांबचा प्रवास नवा नाही. उजनीच्या पाण्यावर पिकलेली केळी या परिसरातून आखाती देशांत जातात आणि इफ्तारच्या ताटात आखातातला खजूर येतो. मुले शिकायला सोलापूर-पुण्याला जातात, तिथे नोकरी धरतात आणि त्यातली काही कंपनीमार्फत अमेरिकेला पोचतात. महामार्गावरच्या गावांची हीच गोष्ट आहे. त्यात हिंदू घरे आहेत तशी मुस्लिम घरेही आहेत. निघताना बॅगेत शेंगदाण्याची चटणी, कडक भाकरी आणि घरचा मसाला आठवणीने भरला जातो. पण भाषा, गाणी, सणाच्या रीती यांची बॅग कोण भरते? आणि त्यात काय ठेवायचे राहून जाते?

एकेकाळी सगळेच ‘हिंदू’

अमेरिकेत हिंदुस्थानी माणूस संगणकाबरोबर गेला, असा आपला समज असतो. खरे तर 1880 च्या दशकातच बंगालच्या हुगळी भागातले मुस्लिम फेरीवाले चिकनकाम केलेले कापड पाठीवर घेऊन तिथे पोचले होते. उन्हाळ्यात न्यू जर्सीच्या समुद्रकिनाऱ्यावर हवा खायला आलेल्या लोकांना ते माल विकत आणि थंडीत दक्षिणेकडे न्यू ऑर्लिन्सला जात. त्यातल्या काहींनी तिथल्या कृष्णवर्णीय घरांत लग्ने केली आणि संसार थाटले.

गंमत अशी, की नमाज पढणाऱ्या या माणसांना अमेरिका ‘हिंदू’ म्हणत असे. पंजाबातून कॅलिफोर्नियात शेतमजुरीला गेलेले शीखही तिथल्या वर्तमानपत्रांत ‘हिंदू’च असत. हिंदुस्थानातून आला तो हिंदू, इतका साधा हिशेब होता. अमेरिकेच्या 1930 आणि 1940 च्या जनगणनेत तर वंशाच्या रकान्यात ‘हिंदू’ अशी नोंदच होती. धर्म कोणताही असो, नोंद तीच.

या नोंदीला कायद्याची धार होती. 1917 च्या कायद्याने आशियाच्या बहुतांश भागातून येणाऱ्यांना दार बंद झाले. 1923 मध्ये भगतसिंग थिंड यांचा खटला तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेला. थिंड शीख होते आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. तरीही न्यायालयाने सांगितले, की हे गृहस्थ ‘गोरे’ नाहीत, म्हणून नागरिक होऊ शकत नाहीत. ज्यांना आधी नागरिकत्व मिळाले होते, अशा कित्येकांचेही मग काढून घेतले गेले. ही अडचण दूर व्हायला 1946 साल उजाडावे लागले. त्यासाठी सरदार जे. जे. सिंग यांनी खटपट केली, तशीच मुबारक अली खान यांनीही केली. तेव्हाही वर्षाला जेमतेम शंभर जणांनाच प्रवेश होता. मोठे दार उघडले ते 1965 च्या कायद्याने. डॉक्टर, इंजिनिअर, प्राध्यापक तिथे गेले ते त्यानंतर.

पुढे चक्र उलटे फिरले. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर चौथ्या दिवशी ॲरिझोना राज्यात बलबीरसिंग सोधी यांना त्यांच्याच पेट्रोल पंपाबाहेर गोळी घालण्यात आली. दाढी आणि पगडी पाहून मारेकऱ्याने या शीख माणसाला मुसलमान समजले होते. पूर्वी ज्या देशाने मुसलमानाला हिंदू म्हटले, त्याच देशात आता शीख आणि हिंदू मुसलमान म्हणून ओळखले जाऊ लागले. इथे आपण ज्या भिंती एवढ्या काळजीने जपतो, त्या तिकडच्या रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसतसुद्धा नाहीत.

एका पिढीत गेलेली भाषा

पहिल्या महायुद्धाच्या आसपास आणि नंतरही आणखी एक वाट होती. ती बोटीवरच्या खलाशांची. ब्रिटिश जहाजांच्या भट्टीत कोळसा ओढणारे पूर्व बंगालचे मुस्लिम खलाशी न्यूयॉर्क बंदरात उतरत आणि परत बोटीवर चढतच नसत. कायद्याने त्यांना राहता येत नव्हते. हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीने त्यांना सामावून घेतले. त्यांनी तिथल्या कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकोच्या मुलींशी लग्ने केली, हॉटेलांत भांडी घासली, गाड्यांवर खाण्याचे पदार्थ विकले.

नोआखालीचे हबीब उल्ला हे त्यातलेच एक. 1940 च्या दशकात त्यांनी न्यूयॉर्कच्या नाटकगृहांच्या भागात ‘बेंगॉल गार्डन’ नावाचे हॉटेल चालवले. संशोधक विवेक बाल्ड यांनी या विस्मरणात गेलेल्या लोकांचा इतिहास 2013 मध्ये पुस्तकरूपाने आणला. त्या शोधात त्यांच्या बरोबर होता हबीब उल्लांचा मुलगा अलाउद्दीन. तो न्यूयॉर्कमध्ये वाढलेला नट. वडिलांचे पूर्वायुष्य त्याला मोठेपणी कागदपत्रांतून आणि लोकांच्या आठवणींतून शोधावे लागले.

त्या खलाशांना भाषा टिकवणे परवडण्यासारखे नव्हते. दिवसभर राबायचे, पोलिसांपासून जपायचे, घरात आई स्पॅनिश किंवा इंग्रजी बोलणारी. मुलांकडे उरले ते वडिलांचे नाव, एखाद्या कालवणाची चव आणि ईदच्या जमावाची पुसट आठवण. भाषा एकाच पिढीत गेली.

मशीद आणि मंडळ

1965 नंतर गेलेल्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्याकडे शिक्षण होते, पगार होता आणि संस्था उभारण्याची सवय होती. 1969 मध्ये शिकागोत महाराष्ट्र मंडळ सुरू झाले. 1981 मध्ये उत्तर अमेरिकेतल्या मंडळांची शिखर संस्था म्हणून बृहन्महाराष्ट्र मंडळ उभे राहिले. आज शनिवार-रविवारी मराठी शाळा भरतात, गणपती बसतात, मोठी अधिवेशने होतात. न्यूयॉर्कच्या फ्लशिंग भागातले गणेश मंदिर 1977 चे. मुस्लिम विद्यार्थ्यांची संघटना 1963 मध्येच इलिनॉय विद्यापीठात स्थापन झाली होती. तिच्यातून पुढे मशिदींचे आणि रविवारच्या धर्मवर्गांचे जाळे वाढले.

सरकारनेही हळूहळू दखल घेतली. ईदचे टपाल तिकीट 2001 मध्ये निघाले, दिवाळीचे 2016 मध्ये. न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांना 2015 पासून ईदची सुट्टी मिळू लागली, पुढे कायदा होऊन दिवाळीचीही. 2025 च्या नोव्हेंबरमध्ये तर झोहरान ममदानी यांना न्यूयॉर्ककरांनी महापौर म्हणून निवडून दिले. त्यांचे वडील गुजराती मुस्लिम कुटुंबातले, आई चित्रपट दिग्दर्शक मीरा नायर पंजाबी हिंदू कुटुंबातल्या.

तिथल्या रमजानचेही स्वतःचे प्रश्न आहेत. चंद्र डोळ्यांनी पाहून ईद धरायची की खगोलगणितावरून, यावर मतभेद आहेत. उत्तर अमेरिकेच्या फिकह कौन्सिलने 2006 मध्ये गणिताची बाजू घेतली, तर अनेक मशिदी आजही चंद्रदर्शनाचाच आग्रह धरतात. त्यामुळे एकाच शहरात दोन दिवशी ईद होऊ शकते. इफ्तारला मशिदीत बसलेल्या ओळीत इजिप्तचा डॉक्टर असतो, सोमालियाचा टॅक्सीवाला असतो, बोस्नियाचा विद्यार्थी असतो. धर्म एक, पण शिरखुर्मा यातल्या बहुतेकांना ठाऊक नसतो. बोलणे इंग्रजीत चालते, कारण सगळ्यांना समजणारी तीच एक भाषा.

आता या चित्रात सोलापूर जिल्ह्यातल्या एका मुस्लिम कुटुंबाला उभे करून पाहा. मशिदीत त्यांच्या मुलांना अरबी अक्षरे मिळतात आणि दीनची शिकवण मिळते. मराठी तिथे मिळणार नाही. ते मशिदीचे कामही नाही. महाराष्ट्र मंडळात मराठी मिळते, पण ती बहुतेक वेळा गणपती, दिवाळी, कीर्तन, लावणी यांच्या संगतीने येते. दार बंद नसते, कोणी अडवतही नाही. फक्त त्या कुटुंबाची मराठी, म्हणजे घरात दखनी आणि दारात मराठी बोलणाऱ्या माणसांची मराठी, कार्यक्रमपत्रिकेत कुठे नसते. ‘तुमचं मराठी किती छान आहे हो!’ असे कौतुक तेवढे होते. हे कौतुक अमेरिकेत जन्मलेले नाही. पुण्यातही होते आणि सोलापुरातही होते. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते, पण ऐकणाऱ्याला कळते, की आपली मातृभाषा आपण दुसऱ्याकडून शिकून आलो असे समोरच्याला वाटते आहे.

बॅगेत राहून गेलेले

खरे तर या जिल्ह्याकडे देण्यासारखे किती आहे! संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मैदाने गाजवणारे शाहीर अमर शेख बार्शीचे. त्यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. सोलापूरच्या ज्या चार हुतात्म्यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी झाली, त्यांत मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांच्याबरोबर कुर्बान हुसेन होते. श्रीगोंद्याला संत शेख महंमद होऊन गेले. त्यांचा ‘योगसंग्राम’ मराठी संतवाङ्मयात मानाने गणला जातो. पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन 1990 मध्ये भरले, तेही सोलापुरातच. प्रा. फक्रुद्दीन बेन्नूर यांच्यासारखे सोलापूरचे अभ्यासक त्या चळवळीच्या उभारणीत होते.

घरातल्या दखनीचीही तीच कथा. ती नुसती ‘बिघडलेली उर्दू’ नव्हे. या मातीत मराठी, कानडी, तेलुगूच्या शेजाराने ती घडली. नकार द्यायला दखनी माणूस ‘नक्को’ म्हणतो. हा आपला ‘नको’च आहे. ‘आजच’, ‘तूच’ मधला जोर देणारा ‘च’ही दखनीने मराठीकडून घेतला. शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यू नावाचा रस्ता आहे. त्याच्या एका भागाला गांधींचे नाव दिलेले आहे, तर दुसऱ्याला जिनांचे. त्या शहरात हैदराबादी मंडळी मोठ्या संख्येने आहेत. तिथल्या दुकानात कोणी ‘नक्को’ म्हणाले, तर एक मराठी शब्द सात समुद्र ओलांडून तिथे नांदतो आहे, असे खुशाल समजावे. बोलणाऱ्याला ते माहीत नसेल, एवढेच.

अमेरिकेतल्या मंडळांना किंवा मशिदींना दोष देऊन काही साधणार नाही. परदेशातला माणूस गावाने जे आपले म्हणून बांधून दिले तेच नेतो. शाळेच्या गॅदरिंगमध्ये अमर शेखांचे गाणे इथे झाले नाही, तर ते न्यू जर्सीच्या रंगमंचावर कुठून होणार? शेख महंमदांचे नाव टेंभुर्णीच्या मुलाने ऐकलेच नसेल, तर त्याचा शिकागोत जन्मलेला मुलगा ते कोणाला विचारणार? यात मुस्लिम घरांचाही वाटा आहे. ‘मराठी काय, शेजाऱ्यापाजाऱ्यांत येईलच’ असे म्हणून मुलांकडून ती वाचून-लिहून घेण्याचे राहून जाते. इथे ती शेजारातून येतेही. तिकडे तो शेजार नसतो, आणि हार्लेमच्या खलाशांच्या घरात झाले तेच पगारदार इंजिनिअरच्या घरातही होऊ शकते. फरक इतकाच, की खलाशांना दुसरा इलाज नव्हता. आजच्या कुटुंबाकडे फोन आहे, पुस्तके आहेत, सुट्टीत गावी येण्याइतके पैसे आहेत.

रमजान संपत येईल तसे अमेरिकेतले फोन वाढतील. तिकडच्या सुनेचा किंवा लेकीचा ठरलेला प्रश्न असतो, की शिरखुर्म्याला दूध किती आटवायचे आणि शेवया किती घालायच्या. इकडून उत्तर जाते ते वाटीच्या आणि मुठीच्या मापात. त्याच फोनवर नातवालाही बोलवावे. चारोळी म्हणजे काय, शेवया आधी तुपात का परतायच्या आणि ईदच्या सकाळी पहिली वाटी कोणत्या शेजाऱ्याकडे जाते, हे त्याला आपल्या बोलीत सांगावे. त्याला सगळे समजणार नाही. तो इंग्रजीत पुन्हा विचारील. तेव्हा पुन्हा मराठीतच सांगावे.