आजीचा हात धरून…

सुंता म्हटली की आपल्याला मुलगेच आठवतात. दाऊदी बोहरा समाजात मात्र मुलींचाही ‘खतना’ होतो, आणि मुंबईत भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या शेजाऱ्यांना त्याची कल्पना नसते. मुलगी साधारण सात वर्षांची झाली की आई किंवा आजी तिला काहीतरी आमिष दाखवून एखाद्या जाणत्या बाईकडे, आता दवाखान्यातही, घेऊन जाते. गुप्तांगावरील कातडीचा तुकडा, कधी त्याहून जास्त, कापला जातो. कुणाला सांगायचे नाही, अशी ताकीद मिळते. पुष्कळदा वडिलांनाही पत्ता नसतो!

प्रथेचे समर्थक याला ‘खफ्ज’ म्हणतात, शुद्धतेचा संस्कार मानतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते अशा कापण्याचा आरोग्याला कसलाही फायदा नाही. उलट रक्तस्राव, जंतुसंसर्ग, पुढे वैवाहिक जीवनातील वेदना संभवतात. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१२ मध्ये ही प्रथा संपवण्याचा ठराव केला.

बोहरा स्त्रियाच मग बोलू लागल्या. २०१५ मध्ये ‘साहियो’ ही संस्था निघाली. मासूमा रानालवी यांनी स्वतःच्या नावानिशी आपबीती सांगितली. २०१७ मध्ये वकील सुनीता तिवारी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्याच वर्षी केंद्र सरकारने सांगितले, या प्रथेची अधिकृत आकडेवारी नाही. सात वर्षांच्या पोरीने सख्ख्या आजीविरुद्ध फिर्याद द्यायची कशी, आणि नोंद होणार तरी कुठून? २०१८ मध्ये प्रकरण घटनापीठाकडे गेले. २०१९ मध्ये शबरीमलाच्या प्रश्नाबरोबर त्याहून मोठ्या पीठाकडे.