वृद्धांची पाठदुखी : वय की जंतुसंसर्ग?

घरातील वडीलधाऱ्यांची पाठ दुखू लागली की "आता वयच झाले" असे म्हणून आपण मोकळे होतो. परंतु विश्रांतीनेही दुखणे थांबत नसेल, रात्री वाढत असेल, वजन घटत असेल, तर मणक्याच्या हाडातील जंतुसंसर्गाची शंका घ्यावी. आपल्या देशात त्याचे एक मोठे कारण म्हणजे क्षयरोग. वृद्धांना ताप येईलच असे नाही.

साधा एक्स-रे सुरुवातीला निर्दोष दिसू शकतो. हाड बरेच झिजल्यावरच त्यात फरक उमटतो. एमआरआयमध्ये मात्र हाडातील सूज, पू आणि मज्जारज्जूवरील दाब लवकर दिसतो. शेजारचे दोन मणके व मधली चकती बाधित असल्यास जंतुसंसर्गाची शक्यता अधिक. कर्करोगात चकती बहुधा शाबूत राहते. पेसमेकर असल्यास तपासणीपूर्वी अवश्य सांगावे. जंतू कोणते, हे चित्रावरून ठरत नाही. त्यासाठी रक्त तपासतात आणि सीटी स्कॅनच्या साहाय्याने सुईने नमुना काढतात.

उशीर झाल्यास पाय लुळे पडू शकतात. क्षयरोगाची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. तथागतांनी स्वतः आजारी भिक्खूची शुश्रूषा केली होती. शिकलेल्या मुलामुलींनी आपल्या आजी-आजोबांना वेळीच तपासणीस न्यावे, एवढीच आमची विनंती.