कळमन्यातलं घर आणि त्याची फाइल

कळमन्यात दलाल आधी घर दाखवतो. मुरलेलं गिऱ्हाईक आधी फाइल मागतं. घरात बघण्यासारखं असतं तरी काय? हजार-पंधराशे चौरस फुटांचा प्लॉट, लोखंडी फाटक, स्कूटरपुरता पोर्च, दोन खोल्या, खिडकीबाहेर कूलरचा स्टँड आणि गच्चीवर पुढच्या मजल्याच्या आशेनं मोकळ्या ठेवलेल्या सळया. समोरचा रस्ता सिमेंटचा झाला असेल, तर एकदा पावसाळ्यात येऊन बघावं. नागपुरात असे रस्ते कित्येक ठिकाणी घराच्या जोत्यापेक्षा उंच झालेत आणि मग पाणी अंगणात उतरतं.

खरी गोष्ट फाइलमध्ये. तळाशी सातबारा, कारण पूर्व नागपुरातल्या अशा पुष्कळ वस्त्या शेतात उभ्या राहिल्या. कुणी जमीन घेतली, चुना मारून ले-आउट पाडलं, कधी गृहनिर्माण संस्थेच्या नावानं, कधी नुसत्याच हातानं काढलेल्या नकाशावर, आणि प्लॉट विकले. कामगाराला, हमालाला, छोट्या दुकानदाराला परवडेल अशी जागा शहरात दुसरीकडे नव्हती. मुद्रांकावर करारनामा झाला, कब्जा मिळाला, भिंती उभ्या राहिल्या. रजिस्ट्री मात्र राहून गेली.

१९३६च्या कायद्यानं आलेल्या नागपूर सुधार प्रन्यासकडे अशा वस्त्यांचा ढीग साठला. '५७२ आणि १९०० ले-आउट' हे आकडे नागपूरकरांच्या तोंडी बसले ते त्यातूनच. २००१च्या गुंठेवारी कायद्यानं १ जानेवारी २००१ पूर्वीच्या भूखंडांना नियमित होण्याची वाट दिली आणि २०२१च्या दुरुस्तीनं ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत ओढली. डिमांड, म्हणजे मागणीपत्रातली रक्कम, भरली की मिळणारं नियमितीकरणाचं पत्र म्हणजे 'आर.एल.'. एकाच गल्लीतल्या दोन सारख्या घरांच्या भावातला फरक पुष्कळदा या पत्रानं पडतो. मला तरी हा भाव विटांपेक्षा प्रामाणिक वाटतो.

घर मध्ये दोनदा-तीनदा विकलं गेलं असेल, तर प्रत्येक व्यवहाराचा कागद लागतो. नुसत्या मुखत्यारपत्रावर मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये स्पष्ट केलं. २००२ नंतरच्या नोंदणीचा उतारा, म्हणजे इंडेक्स-टू, घरबसल्या ऑनलाइन दिसतो. जुन्यासाठी वकिलाकडून शोध घ्यावा. घरटॅक्सची पावती मालकी ठरवत नाही. दाखवणारा मात्र तीच सर्वांत वर ठेवतो.

आणि शेजार? तो बाजाराचा. पंडित जवाहरलाल नेहरू मार्केट यार्ड हे नाव पाटीवर. लोकांसाठी कळमना मार्केट. दिवाळीच्या आगेमागे आंबिया बहराची संत्री, उन्हाळ्याच्या तोंडावर मृग बहराची, त्याच सुमारास लाल मिरचीचे ढीग. वारा फिरला की अंगणात ठसका लागतो. ट्रकांचे हॉर्न वेगळेच. नागपूर आणि इतवारी या दोन्ही बाजूंचे रूळ कळमना स्थानकाशी मिळतात, म्हणून फाटकं आणि मालगाड्याही हिशेबात धराव्यात. भंडारा रोडवर ११ डिसेंबर २०२२ला प्रजापतीनगरपर्यंत मेट्रो आली. तेव्हापासून दलालाच्या बोलण्यात मिरचीआधी मेट्रो येते.

सौदा जमलाच तर नोंदणी शुल्क एक टक्का, फार तर ३० हजार. मुद्रांक शुल्क वेगळं. २०२१ पासून घर फक्त बाईच्या नावे घेतलं तर त्यात एक टक्का सूट. त्यामुळे फाटकावर नवऱ्याच्या नावाची पाटी आणि रजिस्ट्रीत बायकोचं नाव असं घर दिसलं, तर नवल वाटू देऊ नये.