फटक्याचे बळ
स्त्रियांच्या आंतरराष्ट्रीय सॉफ्टबॉल सामन्यांत पिचरची फळी आणि होम प्लेट यांमधील अंतर ४३ फूट असते. ताशी ६० मैल वेगाचा चेंडू ते अर्ध्या सेकंदाच्या आत कापतो. एवढ्या अल्पावधीत चेंडू पारखून बॅट फिरवायची असते. म्हणून नवोदित खेळाडूच्या हालचालीत अनावश्यक असे काही उरता कामा नये.

फटक्याचे बळ केवळ बाहूंत असते, हा समज चुकीचा होय. ते जमिनीपासून वर चढते. प्रथम भार मागील पायावर घ्यावा. मग पुढील पाऊल किंचित पुढे टाकावे व ते टेकताच कंबर वळवावी. तिच्यामागोमाग खांदे, हात आणि अखेरीस बॅट येते. हा क्रम मोडला, की लहान मुलगी नुसत्या हातांनी बॅट ओढू लागते. चेंडूला भिऊन पाऊल बाजूला पडले, तर बाहेरच्या कडेवरील चेंडूपर्यंत बॅट नीट पोहोचत नाही. अशा वेळी ‘जोरात मार’ असे सांगणे व्यर्थ असते. तिला हलकी बॅट द्यावी, चेंडू टी-स्टँडवर ठेवावा आणि पावलांपासून आरंभ करावा. स्थिर चेंडूची भीती वाटत नाही. तेथे अंगवळणी पडलेला क्रमच पुढे वेगवान चेंडूसमोर उपयोगी पडतो.