बेकेलाइटच्या तक्त्यास भोंक पाडतांना

विजेच्या बटणांखालचा काळा किंवा तपकिरी गुळगुळीत तक्ता आपण पुष्कळांनीं पाहिला असेल. हौशी सुतारालाहि तो उपयोगी पडतो; कारण लांकडाप्रमाणें तो पावसाळ्यांत फुगून वांकडा होत नाहीं. परंतु लांकूड कामगाराच्या चुका पोटांत घालतें, हा तक्ता घालीत नाहीं. असें कां, हें आज पाहूं.

बेल्जियममध्यें जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ लिओ बेकेलंड यांनीं अमेरिकेंत १९०७ सालीं फिनॉल व फॉर्माल्डिहाइड यांपासून ही राळ सिद्ध केली. तींत भिजविलेले कागदाचे वा कापडाचे थर एकावर एक रचून उष्णता व दाब दिला म्हणजे तक्ता होतो. घट्ट झालेली राळ पुन्हां वितळत नाहीं.

गिरमिट पलीकडे निघतांना शेवटच्या थरांस आधार नसेल, तर ते कापले न जातां ढकलले जातात व कडेचे कपचे उडतात. म्हणून खालीं सपाट फळी ठेवून दोहोंस घट्ट आवळावें. दुसरी अडचण उष्णतेची. धातूंतून ती झपाट्यानें पसरते; येथें ती भोंकांतच सांचते. राळ करपते, थर सुटतात, धार बोथट होते. यास्तव धारदार गिरमिट घेऊन गति बेताची ठेवावी, हात हलका ठेवावा व वारंवार वर काढून भुसा झाडावा. भोंक गिरमिटाहून केसभर लहान उतरतें. स्क्रू सहज जावयाचा असल्यास गिरमिट किंचित् मोठें घ्यावें. तक्त्याच्या कडेंत मात्र स्क्रू मारूं नये, थर फाटतात.

मोठ्या गोल भोंकासाठीं मध्यभागीं बारीक भोंक आरपार पाडावें; मग गोल करवतीनें अर्धें एका बाजूनें व उरलेलें तक्ता उलटून कापावें. चौकोनी भोंकास आधीं चारी कोपऱ्यांवर गोल भोंकें पाडून मगच त्यांमधून करवत चालवावी. अणकुचीदार कोपऱ्यांतूनच तडा जातो.

भुसा फार बारीक असतो. नाकातोंडावर मुखपट्टी व डोळ्यांवर चष्मा हवाच. भिंतीवरील तक्ता असेल, तर मुख्य बटण बंद करून तो उतरविल्याखेरीज हत्यार लावूं नये. शिवाय जुन्या तक्त्यांपैकीं कांहींत अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू घातलेले असत. त्यांची धूळ फुप्फुसांस घातक होय. ज्याची माहिती नाहीं असा जुना तक्ता कोरण्यापेक्षां नवा घ्यावा, आणि प्रथम त्याच्या टाकाऊ तुकड्यावर हात बसवावा.