विंडोच्या आकाराबरोबर बदलणारे कंट्रोल

या टिपणात आपण डेस्कटॉप प्रोग्राममधील बटणे, टेक्स्टबॉक्स, याद्या विंडोच्या आकाराप्रमाणे कशा बदलायच्या ते पाहू. उदाहरणे विंडोज फॉर्म्स आणि टीकेइंटरची आहेत. जावा स्विंग किंवा क्यूटी वापरणाऱ्यांनाही विचार तोच करावा लागतो.

फॉर्म तयार होतो १९२० × १०८० च्या पडद्यावर आणि तोंडी परीक्षेला उघडतो लॅबमधल्या १३६६ × ७६८ च्या पडद्यावर. 'जतन करा' हे बटण वरून ९०० पिक्सेलवर ठेवलेले, म्हणजे ते दिसतच नाही. कोडमध्ये चूक नसते, तरीही नोंद साठवता येत नाही.

यावर बहुतेकांना सुचणारा पहिला उपाय असा: रिसाइझ इव्हेंटमध्ये प्रत्येक कंट्रोलची सध्याची रुंदी गुणोत्तराने गुणायची. हा उपाय टाळा. ६४० पिक्सेलच्या विंडोत २९५ रुंदीची यादी आहे. विंडो ३२० केली की १४७.५ येतात, पूर्णांकात १४७ उरतात. विंडो पुन्हा ६४० केली की यादी २९४ ची होते. माउसने कडा ओढताना हा इव्हेंट अनेकदा घडतो आणि दर खेपेस थोडी झीज होते. शिवाय विंडो मोठी झाली म्हणून बटण जाडजूड व्हावे असे कोणालाच नको असते. विंडो मोठी करणाऱ्याला यादीतल्या जास्त ओळी पाहायच्या असतात. म्हणून आधी ठरवायचे ते हे: वाढलेली जागा कोणाला द्यायची?

विंडोज फॉर्म्समध्ये हे अँकरने सांगता येते. अँकर म्हणजे कंट्रोलच्या कडेपासून विंडोच्या कडेपर्यंतचे अंतर कायम ठेवणे. मूळ अँकर वर आणि डावीकडे असतो, म्हणून कंट्रोल जागचे हलत नाही. खाली-उजवीकडे अँकर केलेले बटण कोपऱ्याबरोबर सरकते, पण वाढत नाही. डावी-उजवी दोन्ही बाजू धरल्या की कंट्रोल ताणला जातो.

मात्र शेजारी-शेजारी दोन याद्या असतील तर अँकर पुरत नाही. समासाचे २०, यादी २९५, मधले १०, यादी २९५, पुन्हा २०: एकूण ६४०. दोन्ही याद्यांना डावा-उजवा अँकर देऊन विंडो १०२४ केली, तर प्रत्येक यादी ३८४ ने वाढते. पहिली ६९९ पर्यंत जाते, दुसरी ३२५ वरच सुरू होते. एक दुसरीवर चढते. इथे टेबललेआउटपॅनेल घेऊन दोन स्तंभांना ५०-५० टक्के द्यावेत.

टीकेइंटरच्या ग्रिडमध्ये 'स्टिकी' आणि 'वेट' यांची गल्लत फार होते. स्टिकी म्हणजे कंट्रोलने आपला चौकोन किती भरायचा; वाढीव जागा कोणत्या स्तंभाला किंवा ओळीला द्यायची ते वेट ठरवते. वेट मुळात शून्य असते. चारही दिशांना स्टिकी देऊनही काही हलत नसेल, तर आधी तेच तपासा.

आकार फक्त विंडोचाच बदलतो असेही नाही. मी वेस्ट मांबलमला राहतो, म्हणून उदाहरण चेन्नईचेच घेतो. इथल्या सी-डॅकने बॉस लिनक्स बनवले. तेच डेस्कटॉप तमिळमध्येही चालते आणि मराठीतही. इंग्रजीतले 'सेव्ह' तमिळमध्ये 'सेमी' होते, मराठीत 'जतन करा'. तीन शब्दांच्या तीन रुंदी. गनोम डेस्कटॉपमागच्या जीटीके संचात बटण आपल्या मजकुरापुरती जागा स्वतः मागते, त्यामुळे भाषांतर करणाऱ्याला आकड्यांना हात लावावा लागत नाही. विंडोज फॉर्म्समध्ये बटणाचा ऑटोसाइझ मुळात बंद असतो. तो चालू करावा लागतो.

उंचीही आकड्यात बांधू नका. रोमन अक्षरांसाठी बेतलेल्या पट्टीत देवनागरीचे रफार आणि उकार कापले जातात. 'पूर्ण' चा ऊकार गेला की पडद्यावर 'पर्ण' उरते.

स्वाध्याय: वरच्या दोन याद्यांच्या फॉर्मखाली 'जतन करा' आणि 'रद्द करा' ही बटणे उजव्या कोपऱ्यात बसवा. विंडो कमीत कमी किती लहान होऊ द्यायची ते मिनिममसाइझने ठरवा. मग बटणांवरचा मजकूर आपल्या मातृभाषेत बदला, फाँट दीडपट करा आणि कोणता कंट्रोल आधी मोडतो ते नोंदवा.