स्वमग्न मुलांचे पालक आणि कायदा

१९९५ च्या अपंगविषयक कायद्यात गणलेल्या सात प्रकारांत स्वमग्नतेची नोंदच नव्हती. दिल्लीत १९९१ साली ‘अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था स्थापणाऱ्या मेरी बरुआ यांच्यासारख्या मातांनी सरकारदरबारी हा प्रश्न लावून धरला, आणि १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात व पुढे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा स्पष्ट निर्देश झाला. त्यामुळे मुंबईतील मरोळच्या एखाद्या पालकास, अपत्य १८ वर्षांचे झाल्यावर आवश्यकता भासल्यास, कायदेशीर पालकत्वासाठी जिल्हास्तरीय स्थानिक समितीकडे रीतसर अर्ज करता येतो. परंतु मिरवणुकीचा ढोल ऐकताच कान झाकून किंचाळणारे मूल हट्टी नसते, ध्वनी व स्पर्श यांची त्याची संवेदनाच निराळी असते, हे शेजाऱ्यांना समजावण्याचे कष्टाचे काम आजही पालकच करीत आहेत.